आईच्या चालीचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर पळवणे सोपे असते. तो हळू चालवणे कठीण. हे विधान मी कुठे वाचलेले नाही, अंगावर घेतलेले आहे. जगात वेगाचे कोडकौतुक फार. वेगवान माणसाला बढती मिळते, वेगवान घोड्यावर लोक पैजा लावतात. मंदपणाकडे मात्र एक विद्या म्हणून पाहायला कोणी तयार नाही. मी पाणीपुरवठा खात्यात ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरे लिहितो आणि माझे वरिष्ठ मला सर्वांसमक्ष मंद म्हणतात. त्यामुळे निदान या एका विषयात आपला अधिकार चालेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. तीही टिकली नाही.

ट्रॅक्टर म्हटल्यावर धूर, नांगर आणि धडधड असे जे काही डोळ्यांपुढे येते ते कृपया पुसून टाकावे. हा बागेतला ट्रॅक्टर. उंचीने माझ्या कमरेइतका, वयाने माझ्याहून मोठा आणि विजेवर चालणारा. आमच्या वसाहतीला लागून जमिनीखाली पिण्याच्या पाण्याची प्रचंड टाकी आहे. टाकीच्या छपरावर माती, मातीवर हिरवळ. खाली लोकांचे पाणी आणि वर तेलाचे थेंब, हे बरे दिसणार नाही म्हणून खात्याने फार पूर्वी ते गवत कापायला बॅटरीवरचा ट्रॅक्टर आणला होता. पुढे गवताचे कंत्राट बाहेर गेले आणि ट्रॅक्टर पंपघरामागच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून बसला. मला तो नेहमी निवृत्त माणसासारखा वाटे. कोणी हाक मारलीच तर उठू, नाहीतर आहोत तसे बरे आहोत, असा.

आईबाबा रोज संध्याकाळी त्या हिरवळीवर फिरायला जात. कडेकडेने फेऱ्या घालायच्या आणि उजेड विरू लागला की घरी यायचे. मग बाबांना ते दुखणे आले. दुखणे गेले, पण जाताना उजव्या पायातला जोर घेऊन गेले. काठीच्या आधाराने ते पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून जेवणाच्या टेबलापर्यंत येतात. त्यापलीकडचे जग त्यांनी आमच्यावर सोपवून दिले. आईनेही फिरणे सोडले. "एकटीनं काय फिरायचं, पहारा दिल्यासारखं," ती म्हणाली.

तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि आली ती जायला तयार होईना. माझे आईबाबा घरात बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. बोलत नाहीत इतकेच. "चहा?" "हो." "खिडकी लावू?" "राहू दे." आयुष्यभराचे बोलणे त्यांनी त्या हिरवळीवर केले होते; घरी फक्त त्याच्या पावत्या येत होत्या. हिरवळ बंद झाली तशी घरात शांतता साठू लागली, टाकीत पाणी चढावे तशी, आवाज न करता. दोन लाजऱ्या माणसांना पुन्हा बोलते करण्याचे काम तिसऱ्या लाजऱ्या माणसाकडे यावे, याला काय म्हणावे? मी चाकांची खुर्ची सुचवून पाहिली. बाबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मला कुणी ढकलत न्यायचं नाही." विषय तिथे संपला.

ट्रॅक्टर सुचला तो वॉल्व्हकाकांना. हे आमचे शेजारी. नोकरीत असताना अर्ध्या शहराचे पाणी त्यांच्या मनगटावर चाले. निवृत्त झाले तरी ते मनगट निवृत्त झालेले नाही. कोणाच्याही घरी गेले की निघताना स्वयंपाकघरातला नळ घट्ट आवळून येतात, आणि मग त्या घरच्या बायका तो उघडण्यासाठी त्यांनाच बोलावून आणतात.

"वहिनी, दादांना शेडमधल्या ट्रॅक्टरवर बसवा," ते आईला म्हणाले. "ते चालवतील, तुम्ही शेजारून चाला. आवाज अजिबात नाही त्याचा. पेट्रोलचा असता तर दादा काय म्हणाले ते तुम्हांला घरी आल्यावर विचारावं लागलं असतं."

"हे बसतील त्याच्यावर?" आईने विचारले.

बाबा खिडकीतून वळले. "स्टिअरिंग माझ्या हातात असणार ना?"

एवढे बोलून ते पुन्हा खिडकीकडे वळले. पण त्यांची काठी जमिनीवर हलकेच ताल धरत होती. मी आईकडे पाहिले. तिनेही ते पाहिले होते.

इथे आमच्या वसाहतीविषयी थोडे सांगणे भाग आहे. इथला प्रत्येक माणूस पाणीपुरवठ्यातला आहे किंवा होता. त्यामुळे जगातली कोणतीही घटना इथे पाण्याच्या भाषेत समजून घेतली जाते. कोणाला ताप आला तर कुठेतरी तुंबले आहे; कोणाचे लग्न जमत नसेल तर लाइनमध्ये हवा अडकली आहे. ट्रॅक्टर विजेचा आहे, आपला त्यात काय संबंध, अशी शंका मी काढली तेव्हा वॉल्व्हकाकांनी बॅटरीची बुचे उघडून दाखवली. आत पाण्याची पातळी उतरली होती. "याला पाणी लागतं," ते गंभीरपणे म्हणाले. "म्हणजे हा आपलाच."

पंपघरातून बदलून काढलेल्या बऱ्यापैकी बॅटऱ्या मिळाल्या. गवत कापायची पाती काढून ठेवली. साफसफाई केली, उंदरांना पर्यायी जागा दिली, आणि एका संध्याकाळी बाबांना दोन बाजूंनी धरून आम्ही त्या आसनावर बसवले. उजव्या हाताशी वेगाचा दांडा. तो एकेक खाच पुढे सरकतो. पहिल्या काही खाचांवर विजेच्या वाटेत तारेची जाड वेटोळी आडवी येतात, त्यामुळे मोटरला वीज बेताची मिळते. पुढच्या प्रत्येक खाचेला एकेक वेटोळे वाटेतून बाजूला होते आणि वेग वाढतो. मधल्या खाचेवर सगळी वेटोळी संपतात, वीज पूर्ण मिळते. त्याच्याही पुढे काही खाचा आहेत, आणि तिथे भलतेच काहीतरी घडते. ते काय, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. त्या अज्ञानाची किंमत पुढे माझ्या अब्रूने भरली.

बाबांनी दांडा पहिल्या खाचेवर नेला. खट्ट असा आवाज झाला, आणि ट्रॅक्टर निघाला. आवाज म्हणावा तर शेजारच्या खोलीत कोणी गुणगुणावे तेवढा. आई शेजारून चालू लागली. माझे डोळे भरून आले. पण ते पुरते भरण्याआधीच आई मागे पडली होती.

आईची चाल सावकाश आहे. शालीचे टोक मुठीत धरून ती एका लयीत चालते. ट्रॅक्टरची पहिली खाच गवत कापण्यासाठी ठरवलेली. गवताला काही सांगायचे नसते, त्यामुळे कारखान्याने बोलण्याच्या वेगाचा विचारच केला नव्हता. आईने पावले उचलली, मग भरभर उचलली, मग जवळजवळ पळू लागली. बाबा पुढे जाऊन वळले, तिच्याभोवती एक मोठा फेरा घालून पुन्हा शेजारी आले आणि पुन्हा पुढे गेले. पृथ्वीला चंद्राशी चार शब्द बोलायचे असते तर असेच झाले असते.

"हं, काय म्हणत होतात?" आईने धापा टाकत विचारले.

"काही नाही," बाबा लांबून म्हणाले. ट्रॅक्टर थांबवून त्यांनी मला खूण केली. "उतरव मला. ती पळतेय आणि मी मिरवतोय. हे नको."

ताडपत्रीपेक्षाही वाईट असे काहीतरी त्या संध्याकाळी आमच्या घरावर पांघरले गेले. ट्रॅक्टर आईच्या चालीचा झाला नाही, तर बाबा पुन्हा त्यावर बसणार नाहीत, हे उघड होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मागे वाळूची पोती बांधायला सांगितले. मीटर वाचणाऱ्या काकूंचे मत, चाके लहान करावीत. मावशीने फोनवरून सुचवले, "ताईलाच जरा भरभर चालायची सवय लाव ना!" तो सल्ला मी आईपर्यंत पोहोचवला नाही, दोन बहिणींमध्ये मी पडत नाही. वायरमनला विचारावे, तर खात्यातले वायरमनचे पद रिक्त आहे आणि ते भरण्याची कार्यवाही सुरू आहे. हे वाक्य मीच लोकांना लिहून पाठवतो. एक प्रत स्वतःसाठी काढावी की काय, असे वाटले.

त्यातच माझ्या टेबलावर एक तक्रार आली. "टाकीवरील हिरवळीवर एक इसम वाहन फिरवीत असून एक महिला त्यामागे धावत असल्याचे दृश्य दिसले. तरी योग्य ती कारवाई व्हावी." उत्तर देणे माझे कर्तव्य होते. "आपली तक्रार प्राप्त झाली असून संबंधितास समज देण्यात येत आहे," असे मी लिहिले, आणि डबा खायच्या सुट्टीत स्वतःला समज दिली. समज पुरेशी कडक होती. पण कागद वर गेलाच, आणि वरून तो साहेबांकडे आला.

साहेब म्हणजे निवृत्त कार्यकारी अभियंता आणि आता हिरवळ समितीचे अध्यक्ष. वसाहतीत ते एकटेच संध्याकाळी बूट घालून फिरतात. त्यांनी आम्हांला बोलावून घेतले. मी, आई आणि वॉल्व्हकाका त्यांच्या दिवाणखान्यात एका रांगेत बसलो.

"फलकावर लिहिलंय, वाहनांना मनाई," साहेब म्हणाले. "हे वाहन आहे का?"

"अवजार आहे, साहेब," मी पुटपुटलो.

"अवजारावर माणूस बसतो?"

"गवत कापायला बसतो."

"मग गवत कापणार आहात?"

"पाती काढून ठेवलीयत."

"म्हणजे न कापणारं अवजार, आणि त्यावर बसलेला माणूस. त्याला काय म्हणायचं?"

वॉल्व्हकाका धावून आले. "पाहणी म्हणायचं. दादा गवताची मानद पाहणी करतील. पाहणीला मनाई कुठंय?"

साहेबांना पाहणी हा शब्द मनापासून आवडत असावा. त्यांचा चेहरा सैल झाला. "हरकत नाही. पण यंत्रापुढे एक जबाबदार व्यक्ती लाल निशाण घेऊन चालेल, आणि यंत्राचा वेग त्या व्यक्तीच्या चालीपेक्षा जास्त असता कामा नये. परवा संध्याकाळी मी स्वतः चाचणी घेईन."

"ती व्यक्ती मी," आई म्हणाली.

"तुम्ही, वहिनी? जबाबदार म्हणून?"

"मग इतकी वर्षं यांची जबाबदारी कोण घेत होतं? खातं?"

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या पत्नी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आईला जरा जास्तच आदराने चहा दिला.

आता चाल मंद करणे ही कायद्याचीही गरज झाली. वॉल्व्हकाकांनी ट्रॅक्टरचे कव्हर उघडले आणि आत डोके घालून बराच वेळ पाहिले. मोटरकडे दोन लाइनी जात होत्या, एक जाड आणि एक बारीक.

"सरळ आहे," ते डोके बाहेर काढत म्हणाले. "जाड ती मेन, बारीक ती शाखा. मेनशी खेळायचं नसतं. मेन पूर्ण उघडी ठेवायची आणि शाखेवरून कंट्रोल करायचं. सबंध शहर मी असंच चालवलं. दांडा मधल्या खाचेवर, म्हणजे मेन फुल. आणि या बारीक लाइनवर एक वॉल्व्ह. आवळला की प्रवाह कमी. प्रवाह कमी की चाल कमी. बरोबर?"

मी विचार केला. मला त्यात काही चूक दिसली नाही. तुम्हांलाही दिसली नसेल, अशी आशा आहे.

पंपघराच्या अडगळीत विजेचा वॉल्व्हही मिळाला: चिनी मातीच्या नळीवर गुंडाळलेली तार आणि तिच्यावर सरकणारी मूठ. मूठ सरकवत न्यावी तशी वाटेत जास्त तार येते आणि वीज कमी होते. काकांनी तो पट्ट्याने गळ्यात अडकवला, लांब वायरींनी त्या बारीक लाइनला जोडला आणि चालत्या ट्रॅक्टरशेजारी राहून चाल बांधून देण्याची जबाबदारी घेतली. आधी चाके उचलून, जागच्या जागी फिरवून पाहावे, असे माझ्या मनात आले होते. पण ते मी बोललो नाही. माझ्या मनात येणाऱ्या गोष्टींचे साधारणपणे असेच होते.

चाचणीला साहेब टोपी घालून आले. पुढे आई, हातात निशाण. मागे बाबा, धुतलेला शर्ट घालून, पाठ ताठ करून. शेजारी गळ्यात वॉल्व्ह अडकवलेले काका, आणि सर्वांच्या मागे मी.

दांडा मधल्या खाचेवर गेला. ट्रॅक्टर चांगल्यापैकी वेगाने निघाला.

"आवळतो!" काका ओरडले आणि त्यांनी मूठ सरकवली.

ट्रॅक्टरचा वेग वाढला.

"आवळताय की सोडताय?" साहेबांनी विचारले.

"आवळतोय! अजून आवळतो!"

मूठ पुढे सरकली आणि ट्रॅक्टर पळू लागला. आईने मागे पाहिले, जबाबदार व्यक्तीला शोभेल अशा शांतपणे ती बाजूला झाली आणि निशाण दाखवून तिने बाबांना जाऊ दिले. काका गळ्यातल्या वायरींनी ट्रॅक्टरला बांधलेले. ते शेजारून धावत होते आणि धावता धावता आवळत होते. सबंध आयुष्यात त्या मनगटाला न जुमानणारी लाइन त्यांनी पाहिली नव्हती. "पूर्ण बंद करा! पूर्ण!" साहेबही धावू लागले, टोपी हातात घेऊन. आणि काकांनी जसजसे आवळले तसतसा तो म्हातारा ट्रॅक्टर, मागून कोणी शिट्टी घातल्यासारखा, उधळला.

शेवटी वायर तुटली. बारीक लाइन खंडित झाली. आता तो आभाळात जाणार, असे वाटून मी डोळे मिटले. पण खट्ट असा आवाज झाला आणि ट्रॅक्टर हळूहळू थांबला. त्यात एक छोटी कळ आहे, हे मागाहून समजले. बारीक लाइन तुटली तर ती सगळीच वीज तोडते. आमच्यासारखी माणसे कधीतरी भेटतील, हे कारखान्याने तेव्हाच ओळखून ठेवले होते. अनोळखी माणसाने दाखवलेली इतकी दूरदृष्टी मला हलवून गेली.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. केस विस्कटलेले, चेहरा लाल. आई कुंपणाच्या बाजूने धावत आली.

"लागलं का कुठं? अहो, बोला की!"

बाबांनी तिच्याकडे पाहिले. "पुन्हा एकदा घेता येईल का?"

"हसताय काय! जीव गेला माझा इकडे!"

ते खरेच हसत होते. दुखण्यानंतर प्रथमच. पण साहेबांना हसू येत नव्हते. धुळीने भरलेल्या बुटांकडे पाहत ते म्हणाले, "यंत्र शेडमध्ये जाईल आणि शेडमध्येच राहील." मग टोपी झटकून डोक्यावर ठेवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी कोणाच्याही नजरेला नजर दिली नाही. तशी मी एरवीही देत नाही. पण त्या दिवशी त्यामागे कारण होते. घरी बाबा खिडकीशी उभे. खिडकीतून शेडचे फक्त छप्पर दिसते. ते छप्परच पाहत होते. "चहा?" आईने विचारले. "हो," ते म्हणाले. हे एवढे दोन शब्द खोलीच्या मधोमध कोणीतरी विसरून गेलेल्या वस्तूंसारखे पडून राहिले. माणसे म्हातारी होतात तेव्हा बोलण्याआधी त्यांची बोलण्याची जागा जाते, असे मला वाटले. आणि ती जागा परत आणायला निघालेल्या मुलाने तिच्यावरून ट्रॅक्टर पळवला होता.

त्यानंतरच्या सकाळी वॉल्व्हकाका तोंडातला टूथब्रश तसाच ठेवून आमच्या दारात उभे राहिले.

"बॅकप्रेशर!" ते फेसातून म्हणाले.

"आधी तोंड धुऊन या, भावजी," आई म्हणाली.

तोंड धुऊन ते आले ते अर्ध्या वाक्यातच. "मोटर फिरते ना, तेव्हा ती आतून उलटा दाब तयार करते. बाहेरून विजेचा दाब, आतून हा उलटा दाब. दोघांची जवळपास बरोबरी झाली की वेग स्थिरावतो. आणि ती बारीक लाइन चुंबकाची, म्हणजे त्या उलट्या दाबाची! आम्ही ती आवळली. उलटा दाब पडला. मेन फुल उघडी, समोरून अडवणारं कुणी नाही. मग काय, मोटर सुटली. जोरजोरानं फिरून तेवढा दाब पुन्हा जमवायला! त्या शेवटच्या खाचा मुद्दाम हेच करतात, वेग वाढवायला. आपण त्यांचंच काम केलं, अडाण्यासारखं."

"म्हणजे अडवणारं माणूस अशक्त झालं की दुसरं उधळतं," आई भाजी निवडत म्हणाली. "हे कळायला तुम्हांला ट्रॅक्टर लागला?"

बाबांनी खिडकीशी घसा खाकरला. "मग हळू कसा करायचा?"

"मेनवर," काका म्हणाले. हा शब्द उच्चारताना त्यांना वेदना झाल्या. "दादा, उभ्या जन्मात केलं नाही ते करावं लागणार. मेन आवळावी लागणार. जाड लाइनवर जाड वेटोळी, आहेत त्यांच्यात आणखी भर. बारीकला हात नाही लावायचा."

हे साहेबांना सांगायला मी गेलो. एकटा गेलो, हे मला नमूद करावेसे वाटते. वाक्ये पाठ केली होती, ती दारातच सांडली. मी फक्त "साहेब, उलटा दाब," एवढेच म्हणू शकलो. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केले. त्यांच्या चेहऱ्यावर एक तरुण माणूस येऊन गेला.

"अरे, अर्थातच," ते म्हणाले. "जुन्या पंपाच्या स्टार्टरमधल्या लोखंडी जाळ्या कुठायत? त्या वेटोळ्यांच्या जागी मेनवर चालतील."

"पण यंत्र शेडमध्येच राहील असं आपण..."

"शेडमध्ये राहील म्हटलं होतं. शेडमध्ये दुरुस्ती करू नये, असं मी म्हटल्याचं मला आठवत नाही." ते बूट शोधू लागले.

पुढचे काही दिवस दोन माणसे त्या शेडमध्ये सुखी होती. तिसरा मी, स्क्रू धरायला. अडचण एकच उरली: आईची नेमकी चाल. तिला चालून दाखवायला सांगितले की ती परीक्षेला बसल्यासारखी चाले, कधी फार जलद, कधी उगाच हळू. म्हणून मी भाजीच्या दुकानापर्यंत तिच्या मागून, थोडे अंतर ठेवून चालत गेलो आणि तिच्या पावलांचा ताल माझ्या पावलांत भरून घेऊ लागलो. कोपऱ्यावर ती गर्रकन वळली. "माझ्या मागं मागं काय फिरतोस रे? पिशवी तरी धर!" पिशवी धरल्यामुळे तालाला अधिक अचूकता आली. ती चाल अंगात घेऊन मी शेडमध्ये गेलो आणि पुढेमागे चालून दाखवली. साहेबांनी आणि काकांनी ती पाहत पाहत जाळ्या जोडल्या, एक काढली, अर्धी घातली. दोन निवृत्त पुरुष माझ्याकडे टक लावून पाहत आहेत आणि मी माझ्या आईसारखा चालतो आहे, असे ते दृश्य होते. माझ्या प्रतिष्ठेविषयी याहून अधिक लिहिणे नको.

जाळ्या चालताना तापतात. मागच्या बाजूला भोके पाडलेल्या पत्र्याच्या पेटीत त्या बसवल्या, तेव्हा हात जवळ नेला तर चांगली ऊब लागे. जो वेग आपण नाकारतो तो नाहीसा होत नाही, उष्णता होऊन बाहेर पडतो, असे साहेबांनी समजावले. मला ते फार आवडले. मी आयुष्यात नाकारलेला किंवा मला न जमलेला सगळा वेगही कुठेतरी कोणाला ऊब देत असेल, अशी कल्पना मी थोडा वेळ करून पाहिली. मग काका म्हणाले, "स्क्रू!"

अखेर ती संध्याकाळ आली. आकाश स्वच्छ, गवत नुकतेच कापलेले. साहेबांनी यंत्राकडे पाहिले, आईच्या निशाणाकडे पाहिले, आणि समितीच्या वतीने फक्त "हं," म्हणाले. बाबांनी दांडा पहिल्या खाचेवर नेला. खट्ट. ट्रॅक्टर निघाला. निघाला आहे हे चाकाजवळच्या गवताकडे पाहिल्यावर कळत होते. आई थोडे अंतर पुढे चालली, मग नियम विसरून शेजारी आली, आणि शेजारीच राहिली. तिच्या शालीचे टोक आणि ट्रॅक्टरचे पुढचे चाक एका रेषेत जात होते. मी श्वास सोडला. इतका मंद, इतका सुरेख ट्रॅक्टर जगात दुसरा नसेल.

ती दोघे टाकीच्या पलीकडच्या टोकाकडे लहान लहान होत गेली. साहेब घरी गेले. मी आणि काका पायरीवर बसलो. आणि मग, टाकीत हवा खेळवणाऱ्या नळ्यांच्या रांगेपाशी, ट्रॅक्टर थांबला.

आम्ही वाट पाहिली. तो निघेना.

"जाळी गेली," काका उठत म्हणाले. "नाहीतर बॅटरी!"

मी नट आवळायचे पाने घेऊन धावलो. हिरवळ केवढी मोठी आहे हे धावल्याशिवाय कळत नाही. एवढे सगळे करून शेवटी पहिल्याच फेरीत बंद पडावा! आता बाबा उतरतील, आणि पुन्हा बसणार नाहीत. धावताना मनातल्या मनात मी क्षमेचे पत्र जुळवत होतो. "संबंधितास खेद वाटतो," इथपर्यंत आलो होतो.

बाबा आसनावर बसले होते. आईने निशाण काखेत धरले होते आणि एक हात ट्रॅक्टरच्या कव्हरवर ठेवला होता. दोघांनीही, खोलीत कोणी न विचारता शिरावे तसे, माझ्याकडे पाहिले.

"काय झालं?" मला धाप लागली होती. "काय गेलं?"

"काही नाही गेलं," आई म्हणाली.

"मग बंद का पडला?"

"पडला नाही," बाबा म्हणाले. "मी बंद केला."

"का पण? वेग जास्त होतोय का अजून? जाळी वाढवू? एक शिल्लक आहे, लगेच..."

"अरे, वेग छान आहे," आई म्हणाली. "पण यांना मुद्द्याचं काही बोलायचं असलं की हे थांबतात. नेहमीचंच आहे. चालता चालता हे काय, इकडचं तिकडचं बोलतात. मुद्दा आला की उभे."

मी पाने हातात घेऊन तसाच उभा राहिलो. उलटा दाब, वेटोळी, जाळ्या, भाजीच्या दुकानापर्यंतची ती चाल, सगळे माझ्या डोळ्यांपुढून गेले. त्यांना जो वेग खरोखर हवा होता तो दांड्याच्या अगदी मागच्या टोकाला, शून्यावर, कारखान्यातून आला तेव्हापासून तयार होता.

काकाही धापा टाकत पोहोचले. "दादा, काय, बॅटरी?"

"भावजी, तुम्हीसुद्धा?" आई म्हणाली. "जा बघू दोघं. याला घेऊन जा."

"मी इथंच थांबतो ना, थोडा लांब," मी म्हणालो. "काही लागलं तर."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत कित्येक दिवसांत न दिसलेला एक मिस्कील, कामात असलेला माणूस होता. "तू तर आधी जा," ते म्हणाले. "तुझ्याबद्दलच चाललंय."

आम्ही परत फिरलो. काका हलक्या आवाजात स्वतःशीच काहीतरी आवळत होते. जरा वेळाने मागे खट्ट झाले आणि ते मंद गुणगुणणे सुरू झाले. माझा जीव हलका झाला. मी मुद्दामच वळून पाहिले नाही. पाच-पन्नास पावले गेलो असेन तोच गुणगुणणे थांबले. पुन्हा खट्ट, पुन्हा थोडी चाल, आणि पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांबलेली.

माझ्याबद्दल त्यांना बरेच मुद्द्याचे बोलायचे असावे.